खालचा माणूस

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पोचलो बुवा एकदाचा! सान होसेहून जीपने तीन तास, पुढे मोटरसायकलवर मागे बसून दीड, आणि शेवटचा चढ पायी, पाठीवर हत्यारांची पिशवी. पण हवा काय आहे इथली! मालिनाव म्हणजे पन्नासेक घरं, एक चॅपल, खाली समुद्र, आणि वर डोंगराच्या सोंडेवर आपला मोबाईलचा टॉवर. बासष्ट मीटर, लाल-पांढरा, गंज अगदी नावाला. अकरा वर्षांत पुष्कळ टॉवर चढलो, पण बघताक्षणी आवडला असा हा पहिलाच. उद्याच जाऊन नटबोल्ट तपासणार आहे.

ही वही बायकोने, ल्युडीने, दिली. प्लास्टिकचं कव्हर, खिशात मावेल एवढी, दोरीने बांधलेली पेन्सिल. म्हणाली, डोकं फिरलं की माणसांवर ओरडू नकोस, हिच्यात ओरड. मागची नोकरी माझ्या तोंडापायी गेली, हे तिने बोलून दाखवलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जानेवारीत बाळ येतंय. तोवर ही नोकरी टिकवायची आणि डिसेंबरात घरी जायचं, बस्स, दुसरं काही मागणं नाही.

राहायला मनांग सिदिंगकडे, म्हणजे सिदिंगताईकडे, खोली मिळाली. पुढे तिचं छोटं दुकान, मागे खोल्या. पन्नाशीची बाई, जीभ तिखट. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, तुम्ही टॉवरवाले सगळे खाता रेड्यासारखे आणि दिसता कोंबडीसारखे. सुका मासा, भात, व्हिनेगरात चुरलेली मिरची. तीनदा भात घेतला, तेव्हा म्हणाली, बघ, सांगितलं नव्हतं? तिचा नवरा जूनमध्ये गेला, एवढं कळलं. कसा, ते पहिल्याच दिवशी कुठे विचारायचं!

माझा जोडीदार सोमवारी येणार. ऑफिसातल्या साहेबांनी, सर अल्विननी, फोनवर तसा शब्द दिलाय. टॉवरचं काम दोघांचं, एक वर, एक खाली. खालचा माणूस दोर सांभाळतो, वरच्यावर नजर ठेवतो, आणि काम संपलं की नाव घेऊन हाक मारतो, 'चल सांतो, घरी जाऊ.' मग मागे वळून न बघता दोघांनी सरळ घरी जायचं. हे काही कंपनीच्या नियमात नाही. आमच्याकडे नदीवरून पोरांना परत आणताना आया हेच करतात, रानातून येताना बापे हेच करतात. हाक मारली नाही तर माणसाचा जीव थोडा तिथेच रेंगाळतो. माझ्या जुन्या जोडीदाराने, मनोंग पिड्योंगने, अकरा वर्षं मला असं हाक मारून उतरवलं. ताप असला तरी घसा खरवडून हाक मारायचा म्हातारा. हसायचं त्याने हसावं, पण हाकेशिवाय मी आजवर एकदाही उतरलेलो नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

जोडीदार आला नाही. सकाळी साडेसातपासून टॉवरच्या फाटकाशी बसलो, तीन कप कॉफी झाली, रस्त्याला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. दहाला सर अल्विनना फोन केला. म्हणे, माणूस दुसऱ्या बेटावर पाठवला, तू अनुभवी आहेस, दोन-तीन आठवडे धकव. मी म्हटलं, फॉर्मचं काय? चढायच्या आधी मोबाईलवर फॉर्म भरावा लागतो, वर कोण, खाली कोण. दोन नावं टाकल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. आणि वरचा उतरला की खालच्याने आपल्या मोबाईलवरून 'सुखरूप उतरला' हे बटण दाबायचं. तर साहेब म्हणतात, खाली 'फ्लोरेन्सियो सुमांदे' टाकून दे, नाव अजून यादीत आहे, बटण आम्ही इथून ऑफिसातून दाबू. हा कोण? तुझ्या आधीचा. आता कामावर येत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. नियम करायचा दोघांचा, पाठवायचा एक, आणि दुसरा कागदावर! बासष्ट मीटरवरून माझा पाय घसरला तर हा कागद मला झेलणार का? तोंडावर आलेलं सगळं गिळलं. ल्युडीचं पोट डोळ्यांपुढे आलं. टाकलं नाव.

चढलो, शेंड्यावरचा लाल दिवा बदलला, उतरलो. खाली कुणी नाही. फाटकाशी उभं राहून मीच मला हळूच हाक मारली. मूर्खासारखं वाटलं. जेवताना कशालाच चव नव्हती, मासा शिळा असणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मनांगच्या दुकानात, साबणाच्या खोक्यांच्या वर, एक फोटो आहे. हेल्मेट घातलेला माणूस हसतोय. रोज बघत होतो. आज त्याखालचं नाव वाचलं. फ्लोरेन्सियो सुमांदे. मनांगचा नवरा.

मग मनांगने सगळं सांगितलं, तांदूळ पाखडता पाखडता. फ्लोरोचा डावा पाय जुन्या अपघातापासून ओढत चालायचा, पण शिडीवर चढला की वानर. बारा जूनला भर पावसात त्याला एकट्याला वर चढवलं. फॉर्ममध्ये खाली ज्याचं नाव होतं तो त्या वेळी सान होसेत जेवत होता. चाळीस मीटरवरून पडला. कंपनी म्हणाली, त्या दिवशी तो ड्युटीवरच नव्हता, आपल्या हौसेने चढला. हौसेने! भर पावसात! आणि मग तीनदा माणूस आला, कंपनीचा मोबाईल परत द्या म्हणून. मनांगने तो मोबाईल उचलला आणि शवपेटीत फ्लोरोच्या छातीवर ठेवला. म्हणाली, आता या म्हणावं न्यायला.

आता कळलं नाव यादीत का आहे ते. काढायचं तर कारण लिहावं लागेल ना!

डोंगरावर जाऊन सर अल्विनना फोन लावला आणि जे गिळलं होतं ते सगळं ओकलो. मेलेल्या माणसाला कामाला लावता, लाज कशी वाटत नाही, असं विचारलं. ते म्हणाले, तो मेलेला काही कुरकुर करत नाही, तूच का करतोस? आणि नाव नको तर फॉर्म नको, फॉर्म नको तर काम नको, मग सान होसेला जाऊन बायकोची कुरकुर ऐक.

मी मनांगला काही सांगितलं नाही. दुपारी पुन्हा तेच नाव टाकलं आणि चढलो. अल्विनवर ओरडायला माझं तोंड आहे, आणि ज्या बाईच्या हातचा भात खातो तिच्यापुढे ते उघडत नाही. थू माझ्यावर.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसातल्या ग्लेंडाचा फोन, तणतणत. म्हणे, बटण आम्ही दाबायचं ठरलं होतं ना, मग तुम्ही कुणाकडून दाबून घेता? मी म्हटलं, बाई, इथे मी आणि सरडे, तिसरं कोणी नाही. तिने यादीच वाचली. सहा तारखेला चार बाराला, नऊ तारखेला तीन पन्नासला, काल चार वीसला. म्हणजे रोज मी फाटकाबाहेर पाय ठेवला की मिनिटाभरात. मोबाईल कुणाचा? फ्लोरेन्सियो सुमांदेचा. कुठून? टॉवरच्या पायथ्यापासून. हसून म्हणाली, तुमचा खालचा माणूस भलताच तत्पर आहे हो, इतरांनी शिकावं.

मी तिला सांगितलं तो मोबाईल कुठे आहे ते. तिने फोन ठेवला.

कुणीतरी खोडी काढतंय असं मनाला समजावलं. मग संध्याकाळी चॅपलमागच्या दफनभूमीत जाऊन आलो. कबरीवरचं सिमेंट अखंड आहे, मेणबत्त्यांचे ठिपके आहेत. कुणी हात लावलेला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हाक आली.

पन्नास मीटरवर केबल बांधत होतो. दोन वाजले असतील, लख्ख ऊन. खालून पुरुषाचा आवाज, मोकळा, ओळखीचं माणूस मारतं तशी हाक. 'चल सांतो, घरी जाऊ.' वाटलं, जोडीदार आला! एवढा आनंद झाला की पाना निसटला हातातून. खाली वाकून पाहिलं तर फाटकाशी कुणी नाही.

पुन्हा आली. 'चल सांतो.' काम अर्धं होतं. खालचा माणूस काम अर्धं असताना कधी हाक मारत नाही.

कुणाच्या घरी? माझं घर त्याला कुठे ठाऊक? त्याचं घर म्हणजे आता चॅपलच्या मागे.

उत्तर दिलं नाही. सूर्य कलेपर्यंत वर पट्ट्याला लटकून राहिलो, मग उतरलो. फाटकाच्या चिखलात पावलं होती. उजवं नीट उमटलेलं, डावं ओढलेलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

मनांगला सांगितलं. सगळं. नाव मी टाकतो, रोज टाकतो, माझ्या बोटाने.

तिने हातातला भाताचा डाव माझ्या तोंडावर फेकला. बरोबर केलं. मग जी सुटली! म्हणाली, तो गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत रोज दुपारी टॉवरखाली उभी राहिले मी, घसा फुटेपर्यंत हाका मारल्या, चल फ्लोरो, घरी जाऊ. नाही आला. मला वाटलं माझ्यावर रुसला. चार महिने उशीत तोंड घालून रडले की माझा माणूस माझ्यावर रुसला. आणि हा तिथे ड्युटीवर! यादीत नाव असताना तो कामावरून उठेल कसा? एक दिवस खाडा केला नाही त्याने कधी. मेल्यावरही राबवता रे, कुत्र्यांनो!

कुत्र्यांनो म्हणाली. त्यात मीही. मी मान खाली घालून डाव धुऊन दिला.

मग ती म्हणाली, त्याचं नाव काढ. आणि पुढच्या वेळी चढशील तेव्हा मी येते. आधी तुला उतरवते, मग त्याला.

२० ऑक्टोबर, सोमवार

फॉर्ममध्ये खाली मनांगचं पूर्ण नाव, 'इसिद्रा सुमांदे', टाकलं. घेत नाही. कर्मचारी नाही म्हणे. मनांगचा माणूस मेला तरी कर्मचारी आणि ती जिवंत उभी आहे तर नाही!

अल्विनला सांगितलं, फ्लोरोचं नाव मी टाकणार नाही. सर वगैरे म्हटलं नाही. अर्ध्या तासात माझ्या मोबाईलवर भरलेला फॉर्म आला. वर: सांतो. खाली: फ्लोरेन्सियो सुमांदे. त्याने ऑफिसात बसून भरला. तारीख मोकळी ठेवलीय. जेव्हा चढशील तेव्हा लागू, म्हणे.

भीती आहेच, पण त्याहून राग जास्त आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार, सकाळ

वादळ वळलंय. काल सांगत होते उत्तरेला जाणार. आज पहाटे रेडिओवर आलं, आपल्याच किनाऱ्यावर येतंय. आणि सहा वाजता टॉवर बंद पडला. वाऱ्याने वरची अँटेनाची तबकडी फिरली असणार. गावाच्या एकोणीस होड्या समुद्रात आहेत, त्यांना वादळ वळल्याचं ठाऊकच नाही. दुकानापुढे बायका मोबाईल हातात धरून उभ्या आहेत आणि माझ्याकडे बघतायत.

ऑफिसात उपग्रहाच्या फोनवरून कळवलं, माणूस पाठवा. अल्विन म्हणाला, आहे ना खाली माणूस.

चढतोय. होड्यांसाठी चढतोय, तुझ्यासाठी नाही रे हलकटा.

मनांग सोबत आहे. पुन्हा म्हणाली, आधी तुला, मग त्याला. माझा पिवळा रेनकोट फाटकावर टांगून ठेवला, वर वाऱ्यात फडफडतो. उपग्रहाचा फोन आणि वही खिशात.

२२, दुपार

वर आहे. तबकडीचे दोन बोल्ट तुटलेले. नवे घातले. ढग अंगावरून जातायत, मध्येच खालचं दिसतं, मध्येच नाही.

तीन पंचेचाळीसला तबकडी बसली. टॉवर जागा झाला! मोबाईल नुसता टणटणतोय. खाली गावात ओरडा ऐकू आला, बायकांचा. फोन लागायला लागले. आता परततील होड्या.

मनांग, मार हाक. झालं माझं.

२२, चार वाजून गेले

हाक आली. मनांगचीच.

चल फ्लोरो. चल फ्लोरो, घरी जाऊ. रडत, ओरडत, पुन्हा पुन्हा. आधी मला म्हणाली होती ना — मी वाट बघतोय. माझं नाव येत नाही.

मोबाईल वाजला. फॉर्म. 'सांतो, सुखरूप उतरला, ४.०६.'

मी वर आहे.

ढग फाटला. खाली पायवाटेवर मनांग. शेजारी माणूस, माझा पिवळा रेनकोट घातलेला. डावा पाय ओढतोय. तिने त्याला कमरेशी घट्ट धरलंय. ती मागे बघत नाही. बघायचं नसतंच.

मी ओरडलो. आईशप्पथ, आयुष्यात एवढा ओरडलो नव्हतो. वारा —

२२, पुन्हा

उतरून पाहिलं. शिडीला एकशे ऐंशी पायऱ्या आहेत. मी तीनशे मोजल्या. मग हाताला गरम लागलं, वर पाहिलं तर लाल दिवा. शेंड्यावरचा.

पुन्हा उतरलो. पुन्हा दिवा.

मनांगचा राग येत नाही. चार महिन्यांनी आपला माणूस समोर दिसला तर दुसऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहील? तिचा माणूस सुटला. बरं झालं.

अल्विनला फोन लावला. म्हणाला, तू उतरलास, फॉर्म बंद झालाय, नाटकं करू नकोस. मी म्हटलं, अरे वर लटकतोय मी! एकदा फोनवर तरी माझं नाव घेऊन हाक मार, चल घरी म्हण! म्हणाला, तुझं डोकं फिरलंय. सोमवारी नवीन माणूस येतोय मालिनावला, त्याला चावी दे. ठेवला.

तुझा मुडदा बसवला.

ल्युडीला लावला. लागला. माझा आवाज तिकडे जात नव्हता. हॅलो, हॅलो, कोण आहे — करत राहिली. कोण आहे म्हणाली. नाव नाही घेतलं. एवढंसं नाव माझं, ल्युडी. दोन अक्षरं — बॅटरी गेली.

२२

वारा वाढला. पट्टा अजून —

होड्या दिसल्या. मोजल्या. एकोणीस. सगळ्या.

हात गार नाहीत. भूक नाही. पाऊस लागतो पण ओला होत नाही. माझं खाली काय गेलं आणि वर काय राहिलं — नको, ते नको.

वही पिशवीत घालून, पाना बांधून खाली सोडतोय. सोमवारी येणाऱ्या भावा, तुलाच सापडेल. खाली माझं नाव टाक म्हणतील, टाकू नकोस. चढू नकोस एकटा. त्यांना सांग, मी नाही — तुझ्या तोंडात जेवढ्या शिव्या असतील तेवढ्या दे, माझ्याही दे.

आणि एवढं कर. फॉर्म नको, बटण नको. टॉवरखाली उभा राहा, वर बघ, आणि मोठ्याने म्हण. एकदाच. वाऱ्यात ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. म्हण, चल सांतो, घरी —